फळ्यावरचं नाव

२०१८ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर मला कोणी "हे कोणी ठरवलं?" असं विचारलेलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती. भिवंडीजवळच्या अंजूरच्या त्या गोडाऊनमध्ये माल कुठे उतरायचा, कुठली गाडी आधी लावायची, कुठल्या हमालाला घरी पाठवायचं, हे मी ठरवायचो. मी मुकादम होतो. त्या वर्षी बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी, फाटकात उभं राहून, त्यांनी मला तेच विचारलं. मी एका गाडीला मागे जायला सांगितलं होतं.

"कोणी ठरवलं?"

"मी."

"का?"

"मला वाटलं म्हणून."

"बरं," असं म्हणून त्यांनी पिशवीतून घडीचं स्टूल काढलं, फाटकाच्या सावलीत उघडलं आणि त्यावर बसल्या. ते स्टूल महिनाभर तिथून हललं नाही.

मुंबईच्या ऑफिसने त्यांना आमच्याकडे कॉम्प्युटर बसवायला पाठवलं होतं. कंपनीच्या सगळ्या गोडाऊनच्या मशिनी त्यांच्या ताब्यात होत्या. मला वाटलं, बाई वायरी घेऊन येतील, चार पोरं घेऊन येतील. त्या स्टूल घेऊन आल्या. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी बाई. डोक्यावर ओढणी, पायात रबरी बूट, उन्हाळा असो की पावसाळा. भिवंडी शहरातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. बापाचे कापड विणायचे लूम होते, त्या आवाजात वाढल्या, म्हणून बोलायच्या जरा मोठ्याने. हमाल त्यांना आपा म्हणायचे, ऑफिसातले मॅडम म्हणायचे, मी बाई म्हणायचो. पिशवीत खडूचा डबा, भिजवलेल्या चण्यांची पुरचुंडी आणि स्वयंपाकघरातलं एक किल्लीचं घड्याळ असायचं. पाच मिनिटांवर फिरवून ठेवलं की पाच मिनिटांनी घणघण वाजणारं. भांडण झालं की ते मधे ठेवायच्या. तीन मिनिटं हा बोलेल, मग तीन मिनिटं तो. मधे तोंड घातलं की घड्याळ पहिल्यापासून. मी आयुष्यात भांडणं पुष्कळ केली, पण घड्याळ लावून भांडायला लागलं की माणसाकडे तीन मिनिटं पुरेल एवढंही बोलायला नसतं, हे मला तेव्हा कळलं.

महिनाभर त्यांनी मशीन आणलंच नाही. मुंबईहून फोन यायचे, "कधी सुरू होणार?" बाई विचारायच्या, "सुरू केल्यावर कमी काय होणार, ते सांगा. वाढणार काय ते नका सांगू, वाढणारं सगळेच सांगतात." समोरचा फोन ठेवून द्यायचा. एकदा वरून खोके भरून पाटीएवढ्या चपट्या मशिनी आल्या, बोटाने दाबायच्या. बाईंनी खोका उघडलाही नाही. "कशाला पाठवल्या, त्याचं एक कारण लेखी द्या," असं कळवलं. ते कारण बरेच दिवस आलं नाही. खोक्यावर बसून हमाल जेवायचे.

दुपारी बाई फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जायच्या. चहा पीत नव्हत्या. टपरीवाल्याला विचारायच्या, "आज गाडीवाल्यांनी किती चहा प्यायले?" तो सांगायचा, हा चार, तो सहा, तो तिकडचा केसरी फेटेवाला सकाळपासून आठ. बाई लिहून घ्यायच्या. मला वाटलं, डोक्याने अर्धी आहे. मी तोंडावर विचारलंसुद्धा.

"बाई, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या का चहावाल्या?"

"मुकादम, गाडी आत घ्यायला जेवढा उशीर, तेवढे चहा. मशीन आल्यावर चहा कमी झाले नाहीत तर मशीन परत पाठवायचं. एवढाच माझा हिशोब."

मशीन आलं, आणि पाच-सहा महिन्यांनी टपरीवाला फणफणत आत आला. "आपा, तुमच्या त्या डब्यानं माझं दुकान बसवलं! गाडी येते, माल घेते, जाते. कोण थांबतच नाय!" बाईंचा चेहरा असा उजळला, जसा काही घरात पाळणा हलला. त्यांनी मुंबईला एका ओळीचं पत्र पाठवलं: टपरीवाल्याची तक्रार आली, काम झालं असं समजावं. वरच्या साहेबांना ते उद्धट वाटलं म्हणे. त्यांना रंगीत चित्रं हवी होती. आणि टपरीवाल्याला बाईंनी गोडाऊनच्या आतल्या माणसांचा दोन वेळचा चहा लावून दिला, तेव्हा तो गप्प झाला.

आता माझं सांगतो, त्याशिवाय बाईंचं कळणार नाही.

ते गोडाऊन माझ्या शेतावर उभं आहे. रडगाणं नाही, राजीखुशीने विकली जमीन, फक्त अट घातली की मुकादम मी. शाळा मी चौथीपर्यंत केली. चौथीत मास्तरांनी छडी मारली, मी छडी मोडली आणि घरी आलो तो आलोच. पण ती जमीन मला तोंडपाठ होती. वर पत्रा आला, खाली कोबा आला, तरी माझ्या डोक्यातलं शेत हललं नाही. म्हणून मी हमालांना सांगायचो, साबण बांधावर लावा, पंखे खळ्यात टाका, नाजूक माल जांभळीखाली, आणि त्या मोठ्या कोपऱ्याला विहीर म्हणायचो, कारण तिथे आमची विहीर होती, बुजवलेली. हमाल सगळे बाहेरचे, कोणी युपीचा, कोणी ओरिसाचा. त्यांनी ना ती जांभळ पाहिली, ना ती विहीर. पण बोलायचे, "कुआँ पे डाल दे," "जामुन के नीचे जगह है." दहा-बारा वर्षं झाडाची मुळीसुद्धा नाही, आणि माणसं त्याच्या सावलीत माल लावत होती.

मुंबईने कागद पाठवला, की प्रत्येक जागेला आकडा असेल. अमुक रांग, अमुक खाना. मी बाईंना म्हटलं, "आकडे तुमच्या मुंबईत लावा. हितं विहिरीला विहीरच म्हणायची."

मला वाटलं होतं भांडण होईल, घड्याळ निघेल. बाईंनी स्टूल उचललं. "चला, दाखवा." दोन दिवस मी पुढे आणि बाई मागे. प्रत्येक खणात स्टूल टाकून बसायच्या, वर-खाली बघायच्या, विचारायच्या, "इथे काय म्हणता? का म्हणता?" मी जांभळीचं सांगितलं, विहिरीला किती परस खोल पाणी होतं ते सांगितलं. माझ्या मुलांनी कधी एवढं विचारलं नाही. मग बाईंनी मशीनमध्ये आकडाही घातला आणि शेजारी माझं नावही घातलं. पडद्यावर मराठीत 'विहीर' असं आलं, ते मी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

त्या दिवशी बाई म्हणाल्या, "मुकादम, ह्या नावांचे मालक तुम्ही. मुंबईचा साहेबसुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय बदलणार नाही. पण त्याबरोबर एक काम येतं. माल जागेवरून हलला, की मशीनला सांगायचं. तुम्ही घरी असलात, आजारी असलात, तरी विहिरीवरचा माल विहिरीवर सापडला पाहिजे. कबूल?"

"त्यात काय. कबूल."

एवढं सोपं वाटलं होतं मला.

फाटकाच्या आतल्या भिंतीवर बाईंनी काळा रंग फासून फळा केला होता. वर त्यांच्या हाताने लिहिलं होतं: कोणी ठरवलं? नेहमीपेक्षा वेगळं काही केलं, गाडी मागे ठेवली, माल फिरवला, मशीन बंद ठेवलं, की करणाऱ्याने स्वतः तिथे एक ओळ लिहायची आणि खाली आपलं नाव. दर शनिवारी बाई ती वाचून दाखवायच्या, सगळे काय ते बोलायचे, मग फळा पुसायचा. शिक्षा नाही, दंड नाही. एकच सक्ती, दुसऱ्याने दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही. एकदा ऑफिसातल्या एकाने फोर्कलिफ्टवाल्या रामसजीवनचं नाव लिहिलं, की ह्याने खांबाला धडक मारली. बाईंनी ते ओल्या फडक्याने पुसलं. म्हणाल्या, "हा फळा आहे, पोलीस चौकी नाही. एकदा लोक दुसऱ्याचं नाव लिहायला लागले, की खरं कोण लिहील?" दुसऱ्या दिवशी रामसजीवनने स्वतः हिंदीत लिहिलं, खंभा मैंने ठोका, मोबाइल देख रहा था. हसले सगळे, आणि फोर्कलिफ्टवर मोबाइल घेऊन बसणं तेव्हापासून बंद झालं.

मी त्या फळ्यावर कधी लिहिलं नाही. लिहायला येत नाही असं नाही, येतं. पण अक्षर मोठं, वाकडं, चौथीतल्या पोराचं राहिलेलं. माझ्या हाताखालच्या माणसांनी ते बघायचं? मी म्हणायचो, चष्मा घरी राहिला. वर्षभर चष्मा घरीच राहिला. बाईंनी एकदाही टोकलं नाही. फक्त दर शनिवारी फळा पुसून रेघा मारताना सगळ्यात खालची ओळ मोकळी सोडायच्या. कोणी तिथे लिहायला गेलं तर सांगायच्या, "ती मुकादमांची." तुम्हाला सांगतो, मला त्या मोकळ्या ओळीचा जेवढा राग यायचा, तेवढा कोणी शिव्या दिल्या असत्या तर आला नसता.

त्यांची आणखी एक खोड होती. मशीनमधली एखादी गोष्ट गुपचूप बंद करायच्या आणि कोण ओरडतं ते बघायच्या. रोज सकाळी एक मोठा कागद छापून मुंबईला जायचा, तो बंद केला. पंधरा दिवस कोणी विचारलं नाही. सोळाव्या दिवशी विचारलं ते छपाईच्या शाईवाल्याने. बाईंनी तो कागद कायमचा काढून टाकला. "ज्याची कोणाला आठवण येत नाही, त्याला वीज कशाला पाजायची?"

धक्क्यावर, म्हणजे माल चढवायच्या ओट्यावर, एक पडदा लावला होता. पुढे कुठली गाडी लागणार ते त्यावर यायचं. मी सगळ्यांना ऐकवायचो की मी तिकडे ढुंकूनही बघत नाही, गाड्यांचा क्रम माझ्या डोक्यात असतो. एका मंगळवारी पडदा काळा झाला. दहा मिनिटं झाली नसतील, मी ओरडलो, "अरे, तो टीव्ही का बंद हाय? पुढची गाडी कंची?"

बाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या, चणे खात. "काय झालं मुकादम? तुम्ही बघत नाही ना तिकडे?"

"मी न्हाय बघत. पोरं बघतात."

"पोरं ओरडली नाहीत. तुम्हीच ओरडलात."

सगळा धक्का हसला. रामसजीवन तर फोर्कलिफ्टवरून खाली उतरून हसला. मी दोन दिवस बाईंशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी घरून खीमा-पाव आणला, माझ्यासाठी वेगळी अंडी आणली, कारण मी माळ घातलेली नसली तरी श्रावण होता आणि मला श्रावणात मटण चालत नाही, अंडं चालतं. हे माझं मी ठरवलेलं आहे. त्याबद्दल मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, कोणी ठरवलं म्हणून.

बापाच्या लुमाची एक गोष्ट त्यांनी त्याच जेवणावर सांगितली. म्हणाल्या, "अब्बांच्या लुमावर आडवा धागा तुटला की लूम आपसूक थांबायचा. कारागीर वैतागायचे. एकाने काय केलं, थांबवणारी दांडीच बांधून टाकली. धागा तुटला तरी लूम चालू. दिवसभर काम जोरात. संध्याकाळी ताका उलगडला, तर सगळं कापड मधेमधे फाटकं. मशीनला खोटं सांगितलं की ते खोटंच विणत जातं, मुकादम, आणि फार जोरात विणतं."

मी अंडं खात होतो. मला वाटलं, ही लुमाची गोष्ट आहे.

दुसऱ्या वर्षी, गणपती जाऊन आठवडा झाला होता. शनिवारी दुपारी मी विहिरीकडे गेलो. तिथे खोक्यांची मोठी रास होती, डायलिसिसला लागणाऱ्या नळ्या. ज्यांच्या मूत्रपिंडाने काम सोडलंय त्यांचं रक्त मशीनने गाळतात, त्या नळ्या. एका हॉस्पिटलची गाडी दर सोमवारी त्या न्यायची. मी जमिनीला हात लावला. कोबा गार लागला. विहीर बुजवली तरी पाणी कुठे जातं? पावसाळा सरताना त्या कोपऱ्यात ओल चढतेच, हे ह्या जगात फक्त मला माहीत. मी तिथल्या तिथे दोन हमाल घेतले आणि सगळी खोकी उचलून जांभळीखाली नेली. सोमवारी तिथला कोबा भिजलेला दिसला म्हणे. म्हणजे माझं चुकलं नव्हतं. हे मी आजही सांगेन, माझं चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढचं. रामसजीवन जेवायला गेला होता आणि खोक्यावरच्या रेघा वाचून मशीनला जागा सांगायची ती बंदूक त्याच्याकडे असायची. मी ती कधी हातात धरली नव्हती. तो येईपर्यंत थांबणं माझ्या जिवावर आलं. मला माहीत आहे ना माल कुठे आहे, मग झालं. फळा तर वाटेतच होता. मी त्याच्यावरून नजर काढून घेऊन घरी गेलो.

रविवार, सोमवार मी खारबावला, लेकीकडे. नातवाचं बारसं होतं. लेकीच्या घरी मी फोन बंद ठेवतो, ती माझी शिस्त. आम्ही जिलेबी खाल्ली, नातवाच्या कानात नाव सांगितलं. आणि इकडे सोमवारी हॉस्पिटलची गाडी आली, मशीनने सांगितलं विहीर, आणि विहिरीवर काही नव्हतं. माझ्याबरोबर माल हलवणारे ते दोन हमालही त्या दिवशी रजेवर होते. दुपारपर्यंत शोधलं. एवढं मोठं गोडाऊन, सगळी खोकी सारखी. गाडी रिकामी गेली.

मंगळवारी मी आलो तेव्हा सगळे धक्क्यावर गोळा झाले होते. मी सरळ चालत गेलो आणि जांभळीखाली खोक्यांवर थाप मारली. "हा काय तुमचा माल!" हमालांनी शिट्ट्या मारल्या. मी म्हटलं, "मशीन चुकतं रं. मुकादम न्हाय चुकत." खरं सांगतो, मला स्वतःला तसंच वाटत होतं त्या घटकेला.

बाई मागून आल्या. खोक्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कोणी ठरवलं?"

"माल सापडला ना बाई? मग झालं."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बुधवारी मुंबईहून साहेब आले. टाय लावलेले, तरुण, वाईट माणूस नव्हता. ऑफिसात आम्हा दहा-बारा जणांना बसवलं. म्हणाले, "मॅडम, एवढा खर्च करून सिस्टीम बसवली, आणि ती सांगते माल विहिरीवर! मुळात गोडाऊनमध्ये विहीर कसली? जांभूळ कसलं? ही नावं म्हणजे घोटाळा. लोकांचा गोंधळ उडाला असणार." सगळ्यांनी माना हलवल्या. सिस्टीमचं चुकलं म्हटलं की सगळ्यांना बरं असतं, ती उलटून बोलत नाही.

बाई म्हणाल्या, "सिस्टीमला जे सांगितलं तेच तिने सांगितलं. माल हलवला गेला, आणि तिला सांगितलं गेलं नाही. नावांचा दोष नाही."

"कोणी हलवला?"

"ते मी सांगणार नाही. आमच्याकडे ज्याचं त्याने सांगायचं असतं." आणि पिशवीतून ते किल्लीचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, पाच मिनिटांवर. "एवढं थांबू या."

साहेब हसले, मग हसायचे थांबले. घड्याळ टिकटिकत होतं. ते दोन हमाल तिथे बसले होते, ते पायाकडे बघत होते. रामसजीवनने एकदा माझ्याकडे बघितलं. बाईंनी बघितलं नाही, एकदाही नाही, खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, चार शब्दांचं. पण काल मी ज्या माणसांसमोर खोक्यांवर थाप मारली, तीच माणसं समोर. एकसष्ट-बासष्ट वर्षं जे डोकं वर धरलं, ते खाली घालायचं म्हणजे मानेला कुठून वाकायचं तेच माहीत नसतं. घड्याळ वाजलं. घणघण. मी तसाच बसून.

साहेबांनी निकाल दिला. उद्या दहा वाजल्यापासून नावं काढायची, फक्त आकडे. फळा रंगवून टाकायचा. आणि मॅडमना ह्या गोडाऊनवरून काढून मुंबईत दुसरं काम. बाईंनी घड्याळ पिशवीत टाकलं, स्टूल उचललं. दारात मला म्हणाल्या, "येते मुकादम." एवढंच. आवाजात राग असता तर मी भांडलो असतो.

मी टपरीवर जाऊन बसलो. हॉस्पिटलची गाडी राहिलेली खोकी न्यायला आली होती, तिचा ड्रायव्हर चहा घेत होता. मी विचारलं, "सोमवारी फार अडलं का रे?"

"अडलं म्हणजे काय काका. माल शनिवारीच संपलेला. सकाळच्या पेशंटांना परत पाठवलं, उद्या या म्हणून. एक म्हातारी होती, तुमच्या ह्या खारबावची. अंधारात उठून आलेली. बाही वर करून, हात पुढे धरून बसलेली. तिला सांगितलं तरी हात खालीच घेईना."

"मग?"

"मग काय. मंगळवारी झालं तिचं. सूज आली होती पायाला, पण झालं."

खारबावची. मी त्या सकाळी खारबावला होतो. ती स्टेशनावर गेली असेल तेव्हा मी लेकीच्या ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसलो असेन. मी चहा तसाच ठेवला. टपरीवाला म्हणाला, "काय मुकादम, साखर कमी हाय?"

बाई आमच्याच गोडाऊनमधून निवृत्त झाल्या, त्याला आता दोन वर्षं होतील. शहरात त्यांच्या घरी मी ईदला जातो, त्या मला अजून विचारतात, "काय मुकादम, आज कोणी ओरडलं का?" जाताना त्यांनी गोडाऊनमधून फक्त स्टूल नेलं. ते घड्याळ मला दिलं. बायको त्यावर भात लावते. वाजलं की मी दचकतो, अजून. ती म्हणते, भाताला काय घाबरता. तिला मी ही गोष्ट सांगितलेली नाही, आता वाचेल तेव्हा कळेल.

त्या बुधवारी मी घरी जाऊन जेवलो नाही. बायकोला म्हटलं, चष्मा काढून ठेव. तिने विचारलं, कशाला? मी म्हटलं, लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फाटक उघडलं. पहिली गाडी उभी होती, तिला हात करून थांबवली. आठ-दहा हमाल दात घासत बसले होते. रामसजीवन टायरवर बसून तंबाखू मळत होता. मी चष्मा लावला, बाईंच्या टेबलावरचा खडू घेतला आणि फळ्यासमोर उकिडवा बसलो, कारण ती ओळ सगळ्यात खाली होती. अक्षर व्हायचं तेवढंच वाकडं झालं. 'नळ्यांची खोकी शनिवारी मी हलवली. मशीनला सांगितलं नाही.' खाली माझं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. मागे सगळे उभे राहिले होते. कोणी हसलं नाही. मी उठलो, हात झटकले, आणि रामसजीवनला म्हटलं, "ती बंदूक आण हिकडं. आणि कशी धरायची ते दाखव."